विहिरीला सांगितलेलं नाव

गास, २१ एप्रिल १९९८

नळ उघडला की ज्यांना फक्त हवा ऐकू येते, त्या विरार-नालासोपाऱ्याच्या फ्लॅटधारकांनो. आणि आपल्या विहिरीचं पाणी रोज टँकरमध्ये चढताना जे बघत बसतात, त्या गास आणि आसपासच्या गावकऱ्यांनो,

आपली तक्रार एकच आहे. तुमच्या घशाला कोरड आहे आणि आमच्या विहिरीला. मधला माणूस दोघांच्या नावावर गाडी भरतो, आणि आपण दोघं एकमेकांना शिव्या देत राहतो. हे मी माणिकपूरच्या सभेत घसा फोडून सांगितलं. तुम्ही टाळ्या वाजवल्यात. आज टाळ्या नकोत.

या हिवाळ्यात त्याच पाण्याचा आणखी एक धंदा निघाला, पर्यटनाचा. त्याचा एक पास छापला गेला. तो पास घ्यावा की नाही, एवढ्या साध्या प्रश्नावरून चंदनसारच्या ज्ञानदा निकम आणि मी यांच्यात पत्रव्यवहार झाला. त्यांच्या संमतीने तो इथे छापतो आहे. माझी चुकलेली वाक्यंही तशीच ठेवली आहेत. मी जन्मभर अंधश्रद्धेविरुद्ध बोललो. हे वाचून कुणी मला हसलं तर हसू दे. पण वाचा, आणि शेवटपर्यंत वाचा.

फ्रेडरिक लोपीस, निवृत्त शिक्षक

---

चंदनसार, विरार पूर्व
१५ फेब्रुवारी १९९८

आदरणीय लोपीस सर,
सप्रेम नमस्कार.

तुम्ही मला ओळखत नाही. टँकरच्या सभेला पहिल्या रांगेत रिकाम्या कळश्या घेऊन काही बायका बसल्या होत्या, त्यांतली मी एक. आमच्या सोसायटीच्या महिला मंडळाची मी सचिव आहे. मूळची सातारची, मिस्टरांची नोकरी मुंबईला म्हणून इकडे फ्लॅट घेतला.

मंडळाची यंदाची सहल इथेच काढावी असं ठरतंय. जयवंत नावाचे एक बोरिवलीचे गृहस्थ आहेत, त्यांनी ‘वसई दर्शन पास’ काढला आहे. माणशी दोनशे रुपये. एका पासावर आठ ठिकाणं: किल्ला, सोपाऱ्याचा स्तूप, निर्मळ, अर्नाळा, जीवदानी, दोन जुनी चर्चं, आणि आठवं तुमच्या गावात. ‘विहिरीवरचं लग्नाचं पाणी’ असं छापलंय, दर शनिवारी संध्याकाळी. पासावर प्रत्येकीचं नाव आणि फोटो.

आमचे हे, परेश, म्हणतात की चार रिक्षा केल्या तरी स्वस्त पडेल. माझी मुलगी स्वप्ना मात्र हट्टाला पेटली आहे. ती अंधेरीला नोकरी करते. म्हणते, “आई, आपण इथे इतकी वर्षं राहतो आणि आपल्याला इथलं एक माणूस माहीत नाही.” म्हणून तुम्हाला विचारते.

तुम्ही इथले, आणि खरं बोलणारे. पास घेण्याच्या लायकीचा आहे का?

आपली,
ज्ञानदा निकम

---

गास, २० फेब्रुवारी १९९८

ज्ञानदाताई,
स. न.

तुमच्या लेकीला माझा सलाम सांगा. तिचा प्रश्न माझ्या सगळ्या भाषणांपेक्षा मोठा आहे. उत्तर मात्र दोनशे रुपयांत मिळणार नाही.

पास घेऊ नका. किल्ल्यात जायला कुणी तिकीट मागत नाही. स्तूपापाशी तर दुपारी माणूस दिसणार नाही, हवं तितकं बसा. निर्मळच्या तळ्याकाठी देऊळही आहे आणि चर्चही, दोन्हीकडे दार उघडं. अर्नाळ्याला होडीचे पैसे होडीवाल्याच्या हातात द्या. आणि जीवदानीच्या पायऱ्या काय जयवंत तुमच्यासाठी चढणार आहेत? जे आपलं आहे ते आपल्यालाच विकायची ही कला टँकरवाल्यांनी शिकवली, यांनी उचलली.

राहिलं आठवं. ते दाखवणाऱ्या बायकांची पुढारी माझी धाकटी बहीण लिडिया आहे. यावरून आमचं जेवताना बोलणं बंद आहे. ती म्हणते, आमची लाल लुगडी आजवर लोक गाडीतून बोट दाखवून बघायचे, आता खुर्चीवर बसून बघतात, काय वाईट? मी म्हणतो, लग्नाशिवाय लग्नाचं पाणी म्हणजे मुडद्याशिवाय रडणं.

आमच्या आळीत लग्नाच्या आदल्या संध्याकाळी बायका वाजतगाजत विहिरीवर जातात. सगळ्यांत वडीलधारी बाई वाकते आणि विहिरीला सांगते: अमुक, अमक्याची लेक, तमक्याच्या घरी निघाली. मग पाणी शेंदायचं, त्याने नवरीला न्हाऊ घालायचं. त्यानंतर सकाळी न्यायला येईपर्यंत नवरीने उंबरठा ओलांडायचा नाही. एवढंच. विहीर ऐकत नाही, हे मला ठाऊक आहे. विहिरीत मासे असतात आणि हल्ली टँकरचा पंप असतो. पण माणसं ऐकतात. एका घरची मुलगी जाते आहे हे गावाने मान खाली घालून ऐकायचं असतं. त्याचं तिकीट लावू नये.

तुमचा,
फ्रेडरिक लोपीस

---

चंदनसार, ९ मार्च १९९८

आदरणीय सर,

रागावू नका. पास घेतले. तुमचं पत्र मी मंडळात वाचून दाखवलं, सगळ्या म्हणाल्या सर बरोबर आहेत, आणि मग सगळ्यांनी पैसे काढले. बायकांना गाडी दारात येते हे फार मोठं वाटतं, सर. रिक्षावाल्यांशी घासाघीस नाही, घरच्यांना विचारणं नाही.

सात ठिकाणांबद्दल तुमचंच खरं. किल्ल्यात आमच्याबरोबर दिलेला माणूस चुकीची माहिती देत होता असं एका शाळेतल्या पोरानेच सांगितलं. जीवदानीला अर्ध्या बायका खालीच बसल्या.

पण आठव्याबद्दल मला तुमचं पटलं नाही. लिडियामावशी किती सुंदर चालतात. कळशी डोक्यावर, हात सोडलेले, पुढे ताशा आणि तो पितळी बाजा. जयवंतरावांनी सगळ्यांचे पास टोपलीत टाकले आणि म्हणाले, “आजची नवरी कोण, बघू या.” निघाली आमची स्वप्ना. तिला पाटावर बसवलं, गजरा माळला. मंडळ नुसतं हसत होतं. परबवहिनी म्हणाल्या, चला, निकमांचा हुंडा वाचला.

मग मावशी विहिरीत वाकल्या आणि म्हणाल्या, “स्वप्ना. निकमांची लेक.”

इथे एक गंमत झाली. बाजा थांबला होता, बायका थांबल्या होत्या. फोन लावल्यावर पलीकडे कुणी उचलतो आणि न बोलता ऐकत राहतो ना, तशी काहीतरी शांतता झाली. मग ताशा वाजला आणि सगळ्या पुन्हा हसायला लागल्या. स्वप्नाच्या केसांवर पाणी घातलं. तिचे डोळे भरून आले होते. घरी येताना म्हणाली, आज पहिल्यांदा इथे कुणीतरी माझं नाव घेतलं.

तेव्हा माझा निकाल असा: पास महाग, पण आठव्यासाठी परवडला.

आपली,
ज्ञानदा

ता. क. तुमच्या विहिरीचं पाणी खारं आहे का? तिचे केस अजून वाळलेले नाहीत.

---

गास, १४ मार्च १९९८

ज्ञानदाताई,

रागावलो आहे, पण तुमच्यावर नाही. तुम्ही निदान खरं लिहिलंत. तुमच्या मंडळाने माझं भाषण ऐकून पैसे काढले, तसंच माझ्या सगळ्या सभांना होतं.

मला राग आला तो तारखेचा. ७ मार्च. राखेच्या बुधवारपासून आमचा उपवासकाळ चालू आहे. ईस्टरपर्यंत आमच्यात लग्न लागत नाही, बाजा वाजत नाही. जयवंतांना हे कोण सांगणार, त्यांच्या कॅलेंडरात फक्त शनिवार आहेत. पण लिडियाला माहीत होतं. मी विचारलं तर म्हणाली, “खऱ्याचं कुठे आहे, दादा? खेळ तर आहे.”

केसांचं म्हणाल तर होय, पाणी हल्ली मचूळ लागतं. इतका उपसा झाला की खाडीचं पाणी आत सरकतं. यावर मी तुम्हाला तासभर बोलू शकतो. गोड्या पाण्याने एकदा धुवा. सर्दी झाली असेल तर डॉक्टरला दाखवा.

तुमचं पत्र मी जेवताना मोठ्याने वाचलं, मुद्दाम, लिडियाला ऐकू जावं म्हणून. हुंड्याच्या वाक्याला ती हसली. ताजा कलम वाचला तेव्हा तिने ताट बाजूला सारलं. एक प्रश्न विचारायला सांगते आहे. मी हसलो, तरी ती ऐकेना, म्हणून लिहितो: तुमची मुलगी घराबाहेर पडते का?

लो.

---

चंदनसार, २६ मार्च १९९८

सर,

नाही पडत.

तुमचं पत्र येऊन आठवडा होऊन गेला. काय लिहावं कळेना. आधी वाटलं, ताप आहे, दोन दिवस रजा घेतली असेल. मग ऑफिसातून शेजारच्यांच्या फोनवर निरोप आला. मी विचारलं तर म्हणाली, आता कसं जाणार? जणू मीच वेड्यासारखं काही विचारत होते. दारापर्यंत येते, उंबऱ्याच्या आत उभी राहते. कचरेवाल्याला बादली द्यायची तरी हात बाहेर काढत नाही.

केस ओले आहेत. सर, आमच्या इमारतीची टाकी कोरडी आहे. टँकर आला नाही, आम्ही पिण्यापुरतं पाणी आणतो. आणि तिचा टॉवेल मी रोज पिळते. पिळला की पाणी निघतं, थंड, पालापाचोळ्याच्या वासाचं. परवा मी ते बादलीत धरलं आणि लादी पुसायला वापरलं. मला माझीच शिसारी आली, पण पाणी नव्हतं हो.

ती गाणी म्हणते. लिडियामावशींची. एका संध्याकाळी ऐकलेली, पण शब्द न चुकता. आमच्या घरात कुणी ‘पानी’ म्हणत नाही, ती म्हणते.

परेशनी डॉक्टरकडे जायचा हट्ट धरला. ती खाली उतरेना तेव्हा डॉक्टरांनाच वर आणलं. त्यांनी झोपेच्या गोळ्या दिल्या, नोकरीचा ताण आहे म्हणाले. ती त्यांच्याशी फार छान बोलली. त्यांच्या मुलांची चौकशी केली.

काल कपडे आवरत होती. बरेचसे आपल्या चुलतबहिणीला द्यायला काढून ठेवले. मी म्हटलं, का गं? म्हणाली, “आई, उपवास संपेपर्यंत ते येणार नाहीत. तू घाई करू नकोस.”

मी तिला उपवासकाळाबद्दल काही सांगितलेलं नाही. तुमचं पत्र मी माझ्या पर्समध्ये ठेवते.

मी विचारलं, कोण येणार? ती लाजली.

मावशींना विचारा. कृपा करून आज विचारा.

ज्ञानदा

---

गास, ३१ मार्च १९९८

ज्ञानदाताई,

मी तुम्हाला केस धुवायला सांगत होतो. माझ्या त्या पत्राची मला लाज वाटते.

जयवंतांना गाठून मी खेळ बंद पाडला. त्यांना माझ्या बोलण्याने काही वाटलं नसतं. पण बाजेवाल्यांनीच येणं सोडलं होतं. कॉर्नेट वाजवणारा युजीन मला म्हणाला, “सर, आम्ही थांबतो तरी खाली चालू राहतं.” मी त्याला विचारलं, खाली म्हणजे कुठे? तो चर्चकडे बघत राहिला.

लिडियाला मी समोर बसवलं. तिने काय सांगितलं ते जसंच्या तसं लिहितो. सांगणं दोन भागांचं असतं. कुणाची लेक, आणि कुणाच्या घरी निघाली. खऱ्या लग्नात दोन्ही सांगतात. खेळात लिडियाने पहिलाच भाग सांगितला. मी विचारलं, का? ती रडायला लागली. “परक्या लेकीला मी कोनाच्या घरी घालू, दादा? कोनाचं नाव घेऊ? लाज नाय वाटनार?” तुमच्या मुलीची अब्रू राखायला तिने दुसरा भाग गिळला. बाहेरचा कुणी असता तर बेधडक कुठल्याही घराचं नाव ठोकून मोकळा झाला असता, आणि काही बिघडलं नसतं. हे आमच्याच माणसाला सुचावं. सभ्यपणातून.

म्हणजे नवरी निघाली असं सांगितलं गेलं. कुणाकडे ते सांगितलंच नाही. ती जागा मोकळी राहिली, आणि कुणीतरी ती आपली समजलं.

मी हजार लोकांसमोर म्हटलेलं आहे की जे दिसत नाही त्याला घाबरणं हा माणसाचा अपमान आहे. म्हणून काल भर दुपारी मी विहिरीवर गेलो. वाकलो आणि माझं स्वतःचं नाव घेतलं. माझा आवाज तुम्ही ऐकला आहे. मला माइक लागत नाही. ताई, रिकामी विहीर सगळ्यांचा आवाज परत देते. या विहिरीने माझा परत दिला नाही. ठेवून घेतला.

मी तसाच उभा होतो. माझ्या मागून लिडिया धावत आली आणि माझ्या खांद्यावरून खाली ओरडली, “तो आपल्या बहिणीच्या घरी हाय, लोपीसांच्या घरी.” तेव्हा प्रतिध्वनी आला. दोघांचा, एकामागून एक.

लिडिया म्हणते, उपाय तोच. राहिलेला भाग पुरा करायचा. पण उपवासकाळात ती पुन्हा त्या विहिरीवर नवरीचं नाव घेणार नाही. एकदा घेतलं त्याचं हे झालं. ईस्टरनंतरचा पहिला लग्नाचा रविवार १९ एप्रिल. आदल्या संध्याकाळी, शनिवारी, तुम्ही या. उशीर करता येणार नाही, कारण त्याच संध्याकाळी तिला न्यायला येणाऱ्यांचीही निघायची वेळ असते.

एक ठरवून या. तुमच्या घराचं नाव काय सांगायचं?

फ्रेडरिक

---

चंदनसार, ६ एप्रिल १९९८

सर,

तुमचा शेवटचा प्रश्न आम्ही तीन रात्री घोळवतोय.

सातारचं घर दिरांनी विकलं. तिथे आता मोबाइलचा टॉवर उभा करणार आहेत म्हणे. माहेर म्हणाल तर भावाचं. इथे इमारतीला बिल्डरने स्वतःच्या मुलीचं नाव दिलंय, ते आम्ही पत्त्यात घालतो, पण ती कोण आम्हाला माहीत नाही. तुमच्याकडे प्रत्येक घराला नाव असतं, लोक सांगतात, अमक्याच्या वाडीतले, तमक्या बावखलावरचे, म्हणजे तळ्याकाठचे. आमच्या दारावर आकडा आहे. आकडा विहिरीला सांगायचा? ती मानेल?

परेश आधी भडकले. तुमच्याबद्दल नको ते बोलले, मी लिहीत नाही. मग परवा संध्याकाळी ते कामावरून आले, जिन्यातच थांबले, आणि वर येऊन मला म्हणाले, आपल्या इमारतीत कुणाचं लग्न आहे का गं? मी म्हटलं नाही. म्हणाले, मग खाली बाजा जुळवतंय कोण? मी काहीच ऐकलं नव्हतं. स्वप्नाने ऐकलं होतं. ती आरशासमोर जाऊन बसली.

तेव्हापासून ते मला म्हणतात, तू जा, सरांनी सांगितलंय तसं कर.

पण तिला कसं आणू? ती उंबरा ओलांडत नाही. ओढून आणायची हिंमत आम्हा दोघांत नाही. काल परेशनी नुसता हात धरला तर तिच्या हाताची बोटं पाण्यात राहिल्यासारखी सुरकुतलेली होती.

ज्ञानदा

---

गास, १० एप्रिल १९९८

ज्ञानदाताई,

आज शुभ शुक्रवार. आम्ही कामाला हात लावत नाही, पण हे लिहितो.

तिला आणू नका. लिडिया म्हणते, नवरी विहिरीवर येतच नाही कधी. तिच्या वतीने बाई बोलते. तिच्या वतीने आता तुम्ही बोला, लिडिया नको. तिचा शब्द अर्धा निघाला. घरी स्वप्नापाशी परेशरावांनी बसावं. दार लावलेलं असावं. कुणी आलं तर सभ्यपणे बोलावं, पण उघडू नये.

आणि घराचं नाव. ताई, मी तुम्हा लोकांना आजवर सभेतून ‘बाहेरून आलेले’ म्हणत आलो. प्रेमाने म्हणालो, पण म्हणालो. त्या शब्दाने तुम्हाला स्वतःचं दार परकं वाटू लागलं असेल तर तो शब्द मी परत घेतो. पावसात भिजत उतरल्यावर रिक्षावाल्याला तुम्ही काय सांगता? तेच विहिरीला सांगा. जिथे तुमची लेक भूक लागल्यावर येते ते घर.

१८ तारखेला, शनिवारी, मी रिक्षा घेऊन नालासोपारा स्टेशनवर उभा असेन.

फ्रेडरिक

---

चंदनसार, १९ एप्रिल १९९८

आदरणीय सर,

हे पत्र परेश स्वतः घेऊन येत आहेत, टपालावर सोडवेना.

विहिरीवर काय झालं ते तुम्ही पाहिलंत. मला त्यातलं थोडंच आठवतं. मावशींनी माझी कंबर धरली होती. खाली बघू नका म्हणाल्या, मी बघितलं. पाणी फार जवळ होतं, सर. उन्हाळ्यात इतकं वर कसं? मी म्हटलं, “स्वप्ना, निकमांची लेक, आपल्या आईच्या घरी आहे. बी विंग, दोनशे चार, चंदनसार.” माझा आवाज किती बारीक निघाला. तुम्ही मागून ओरडलात, “मोठ्याने, ताई.” मग मी पुन्हा सांगितलं. मग पुन्हा. कधीतरी तो परत आला. माझाच आवाज, पण मी दोनशे चार म्हणते तसा नाही. कुणीतरी पत्ता नीट ऐकून घेऊन खात्री करायला पुन्हा म्हणावं तसा.

इकडे घरी काय झालं ते तुम्हाला माहीत नाही. परेशनी सांगितलं ते लिहिते.

ऊन उतरलं तेव्हा बाजा गेटातून आत आला. खाली पोरं क्रिकेट खेळत होती, त्यांचा खेळ थांबला नाही. त्यांना तो ऐकू येत नव्हता. बाजा जिन्यावरून वर आला, पहिल्या मजल्यावर, दुसऱ्या, आणि दारासमोर थांबला. स्वप्ना पाटावर बसली होती, साडी नेसून. कडी वाजली. एक माणूस अतिशय अदबीने म्हणाला, “नवरी तयार आहे का?”

परेशना तुम्ही सभ्यपणे बोला असं लिहिलं होतंत. ते म्हणाले, “थांबावं लागेल जरा.” तो म्हणाला, थांबतो. आणि थांबला. सर, तो अर्धा तास आमच्या दाराबाहेर उभा राहिला. दाराखालून पाणी आत येत होतं. स्वप्ना दोनदा उठली, परेशनी दोनदा तिला मिठी मारून खाली बसवलं. तिच्यात इतकी ताकद कुठून आली माहीत नाही, त्यांचा खांदा निखळला आहे.

मग त्या माणसानेच विचारलं, “हे दोनशे चार का?” परेश म्हणाले, “हो. दोनशे चार. तिच्या आईचं घर.”

मग तो म्हणाला, “बरं. चूक झाली. आमच्याकडे अजून नावं आहेत.”

बाजा खाली उतरला. परेश खिडकीत गेले. दिसलं काही नाही, पण आवाज गेटातून परत रस्त्याला लागला नाही. तो नालासोपाऱ्याच्या दिशेने, इमारतींच्या मधून गेला, दर इमारतीपाशी थोडा थांबत. जसा कुणी पत्ता शोधतो.

स्वप्ना म्हणाली, “बाबा, कोण होतं?” मग म्हणाली, भूक लागली. मी पोचले तेव्हा ती पोहे खात होती. सकाळी केस वाळलेले होते.

पण सर, मी रात्रभर जागी आहे. ७ मार्चला स्वप्ना होती. त्याच्या आदल्या शनिवारी टोपलीतून कुणाचा पास निघाला? नंतरच्या शनिवारी? त्या मुलींच्या आया काय समजून बसल्या असतील? ताप? नोकरीचा ताण? माझी पत्रं छापा. माझं नाव घाला, घराचा आकडाही घाला. मला आता त्याची भीती वाटत नाही.

तुमची,
ज्ञानदा

---

बंधुभगिनींनो,

जयवंत पास विकून आपल्या गावी निघून गेले. कुणाचं नाव निघालं हे त्यांनी लिहून ठेवलं नाही. त्यांना गरज नव्हती. लिडियाला चेहरे आठवतात. एक चष्मा लावणारी, गोरी. एक, जिला गजरा नको होता. एक फार लहान होती, म्हणते, उगीच बसवलं. नावं आठवत नाहीत. ती फक्त विहिरीने ऐकली आहेत.

तेव्हा मी तुमच्यापर्यंत दुसऱ्या कुठल्या मार्गाने पोचणार? मी हा कागद तुमच्या जिन्यांत, दुकानांत, चर्चच्या आणि देवळांच्या दारांत वाटतो आहे. पास घ्यावा की नाही हा प्रश्न संपला. पास कुणी विकत नाही आता. ज्यांनी घेतला होता त्यांच्याशी बोलतो आहे.

तुमच्या घरी एखादी मुलगी गेल्या महिन्यापासून उंबऱ्याबाहेर पडत नसेल. टाकी कोरडी असताना तिचा टॉवेल ओला असेल. ती कपडे वाटून टाकत असेल आणि विचारल्यावर लाजत असेल. तिला बोल लावू नका, मारू नका, ओढू नका. तुमचं गाव कुठलं, भाषा कुठली, देव कुठला, मला काही सांगू नका. माझ्यावर विश्वास नसला तरी चालेल, माझाही स्वतःवर फारसा उरलेला नाही.

येत्या शनिवारी, २५ एप्रिलला, सूर्य मावळायच्या आत गासच्या विहिरीवर या. मुलीला घरीच ठेवा, दार लावून, कुणाला तरी तिच्याजवळ बसवून. तुम्ही या, वाका, आणि तिचं नाव आणि तुमच्या घराचा पत्ता विहिरीला सांगा, मोठ्याने, आवाज परत येईपर्यंत.